मोऱ्याच्या अंगानं

दिवाळी सरली की आदिलाबादच्या रस्त्यांवर कापूस सांडायला लागतो. ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या काठोकाठ भरून मार्केट यार्डाकडे निघतात आणि जाता जाता गावाला थोडा थोडा वाटत जातात. बाभळीच्या काट्यांना पुंजके, विजेच्या तारांवर पुंजके, आमच्या फाटकाच्या कडीलासुद्धा. बाजारात व्यापारी त्याला तेलुगूत पत्ती म्हणतात, आम्ही कापूस म्हणतो, आणि माझा भाऊ त्याला वैरी म्हणतो.

कारण असं, की भाऊ, म्हणजे वसंता, हेलिकॉप्टरं करतो. खरी नव्हेत. प्लास्टिकची, तळहातावर मावतील अशी, पण मापात खऱ्याच्या बरोबर बहात्तराव्या हिश्शाची. पॉलिटेक्निकात सारा जन्म शिकवण्यात गेला, आता घरी आहे. पण हा नाद नोकरीच्या आधीपासूनचा आहे आणि नोकरीनंतरही सुटलेला नाही. सुटे भाग घासायचे, जोडायचे, सांधे भरायचे, आणि मग रंग. आणि रंग ओला असताना हवेतून एक तंतू येऊन बसला, की झालं. खऱ्या यंत्राच्या मापानं पाहिलं तर तो तंतू म्हणजे माणसाएवढा लांब दोर. म्हणून घरात नियम आहे: कापसाच्या दिवसांत रंग नाही. जोडकाम चालेल, घासकाम चालेल, रंग संक्रांतीनंतर. वहिनी म्हणते, "छताच्या पंख्यावर बोटभर धूळ हाय, अन् हे चिमट्यानं खेळण्यातले पंखे पुसून राह्यले." भाऊ ऐकून न ऐकल्यासारखं करतो. पस्तीसेक वर्षांच्या संसारात एवढी कला माणसाला येतेच.

मी त्याची धाकटी बहीण, शैला. लग्न केलं नाही, मंडल कचेरीत, म्हणजे तहसिलीत, वरिष्ठ सहायक आहे, आणि याच घराच्या मागच्या खोल्यांत राहते. दिवसभर जमिनीच्या मिसली, म्हणजे फायली, चाळायच्या आणि संध्याकाळी घरी येऊन हेलिकॉप्टरांची धूळ झटकायची. धूळ मीच झटकते, कारण माझा हात हलका आहे असं भाऊचं मत आहे. त्यानं केलेलं माझं एवढंच कौतुक मला आठवतं.

धूळ झटकता झटकता मला त्यांची घराणी पाठ झाली. चेतक आणि चित्ता, ही दोघं सख्खी भावंडं. पण चेतकाची शेपटी झाकलेली आणि खाली चाकं, चित्त्याच्या शेपटीचा नुसता सांगाडा उघडा आणि खाली घसरपट्ट्या. ध्रुव फौजेत असला तर घसरपट्ट्यांवर बसतो, समुद्रावर गेला की त्याला चाकं फुटतात. रशियन घराण्यात तर एकच अंग, पण गोल खिडक्या असल्या तर फौजेचं, चौकोनी असल्या तर प्रवाशांचं. लोकांना वाटतं हेलिकॉप्टर म्हणजे हेलिकॉप्टर. निवडणुकीत पुढारी घेऊन जे पांढरं उतरतं ते, आणि पुरात जे येतं ते, सगळं एकच. भाऊला याचा संताप येतो. "माणसाले तू नुसतं माणूस म्हनतं का?" तो विचारतो. "त्याले नाव असते नं."

सगळ्यांत अवघड जोडी आठ आणि सतरा. एमआय आठ आणि एमआय सतरा ही त्यांची पूर्ण नावं, पण घरात आम्ही आठ आणि सतराच म्हणतो. थोरलं आठ, धाकटं सतरा. दोन्ही धिप्पाड, दोन्ही मातकट-हिरवी, पोटात वीसपंचवीस माणसं घेणारी. लांबून पाहिलं तर आईसुद्धा ओळखणार नाही. पण शेपटीच्या टोकाला जो छोटा उभा पंखा असतो, तो आठाला उजव्या अंगाला असतो आणि सतराला डाव्या. उजवं-डावं म्हणजे चालवणारा बसतो त्याच्या हातानं. एवढी एक खूण ध्यानात ठेवली की चूक होत नाही, असं भाऊ सांगायचा. चूक झाली ती याच खुणेत झाली.

कापूस आला की मला ते एक वर्ष आठवतं, ज्या वर्षी आमची आत्या या घरात राहायला आली होती.

आत्या जैनथकडची, पैनगंगेच्या काठच्या गावातली. आमचं मूळ गाव तेच. आई-वडील लवकर गेल्यावर आत्यानंच आम्हाला वाढवलं. शेतात कापूस आणि जवारी, गोठ्यात हरण्या आणि मोऱ्या ही बैलजोडी. भाऊ शिकायला लहानपणीच आदिलाबादेत राहिला, पुढे हैदराबादेत. गावात यायचा तो पोळ्याला आणि सुट्टीत. मी मात्र बैलगाडीत वाढले.

मी शाळेत होते तेव्हा पैनगंगेला तो मोठा पूर आला. मला आणि चुलतभावंडांना आदल्या दिवशीच मामांकडे धाडलं होतं. आत्या घर सोडेना. बैलांचे कासरे तिनं कापून त्यांना मोकळं केलं आणि चार बायांबरोबर शाळेच्या स्लॅबवर चढली. दुसऱ्या दिवशी फौजेचं हेलिकॉप्टर आलं आणि त्यातून पट्टा सोडून एकेकीला वर ओढून घेतलं. आमच्या साऱ्या खानदानात आभाळात गेलेली ती पहिली. भाऊ हैदराबादहून निघाला होता, पण रस्ता बंद झाल्यानं जैनथच्या अलीकडेच अडकला. त्याला फक्त आवाज ऐकू आला, ढगात कुठंतरी. पुढचा सारा नाद त्या न दिसलेल्या यंत्रापायी लागला, असं मला वाटतं. त्यानं हे कधी कबूल केलं नाही.

पूर ओसरल्यावर हरण्या शेजारच्या गावात चरताना सापडला. मोऱ्या सापडला नाही.

आत्या पुढे कित्येक वर्षं ती गोष्ट सांगायची. लग्नात, बारशात, कापूस वेचताना, एस. टी.त अनोळखी बाईलासुद्धा. सुरुवात ठरलेली. "मले देवानं नाई नेलं, पंख्यानं नेलं." मग वारा कसा होता, लुगडं कसं दातात धरलं, वर ओढणाऱ्या सरदारजीच्या दाढीला कशी हळद लागली, कारण तिच्या हाताला जखम होती आणि जखमेवर हळद. आणि शेवटी ती थोडं थांबायची, हात कपाळावर धरून खाली पाहिल्यासारखं करायची आणि म्हणायची, "अन् वरून पाह्यलं तं..." की आम्ही पोरंपोरी एका सुरात ओरडायचो, "सारं पाणीच पाणी!" ती हसायची. गोष्ट तिथं संपायची.

ती या घरी आली ती मोतीबिंदूसाठी. दोन्ही डोळे पिकले होते. एक आधी, मग महिन्यानं दुसरा, असं डॉक्टर म्हणाले. येताना पहिल्या वेचणीचा कापूस पिशवीभर घेऊन आली. रिकामं बसवत नाही म्हणून ओट्यावर उन्हात बसायची आणि त्यातल्या काड्या-कचरा काढून वाती वळायची. डोळ्यांना दिसत नव्हतं, बोटांना दिसत होतं. आदिलाबादचा हिवाळा ज्यांनी सोसला नाही त्यांना ओट्यावरच्या उन्हाची किंमत कळायची नाही. सकाळी नळाचं पाणी हाताला चावतं. त्या उन्हात बसलेली आत्या, मांडीवर कापूस, आणि पलीकडच्या खोलीत खिडकीपाशी भाऊ.

त्या वर्षी त्यानं नियम मोडला. आत्याचा डोळा उघडेल तेव्हा तिच्या हातात तिचं हेलिकॉप्टर द्यायचं, असं त्याच्या मनानं घेतलं. संक्रांतीपर्यंत थांबायला वेळ नव्हता, तोवर ती गावी परतणार. तिच्यासाठी इतक्या हौसेनं त्यानं दुसरं काही केलेलं मी पाहिलं नाही. रोज विचारायचा, "आत्या, खिडक्या गोल होत्या का?" "दार कोन्या बाजूले सरकत होतं?" ती सांगायची, थोडं आठवून, थोडं रचून.

आणि मग कापूस उडायला लागला. रंगावर एक तंतू, मग दुसरा. भाऊ चिडला नाही, पण एक दिवस म्हणाला, "शैले, आत्याची चटई मागं घे. तिकडं बसून वळू दे वाती." मागच्या अंगणात ऊन येत नाही. मी चटई उचलली. आत्या भिंत धरून धरून मागे गेली आणि म्हणाली, "काऊन वं, पाव्हणे येऊन राह्यले का कोनी?" मी म्हटलं, नाही, भाऊचं काम चाललंय. "मंग बरं," ती म्हणाली. जिच्यासाठी काम चाललं होतं तिलाच सावलीत बसवलं, हे तेव्हा आम्हा दोघांच्याही डोक्यात आलं नाही. आज ती जागा पाहिली की हातापायांना गारठा येतो.

पंख्याचा प्रश्न त्यानं शेवटी विचारला. मी कचेरीत होते. भाऊनं मला संध्याकाळी आनंदानं सांगितलं, "सतराच होतं. आत्यानं पक्कं सांगितलं." मी बरं म्हटलं आणि चहा टाकायला गेले. काय सांगितलं, कसं सांगितलं, हे मी विचारलं नाही. आठ काय आणि सतरा काय, मला तेव्हा त्यात काय होतं.

पहिल्या डोळ्याची पट्टी निघाली, चष्मा आला, आणि भाऊनं ते तिच्या ओंजळीत ठेवलं. सुंदर झालं होतं. मी आजवर त्याचं काम पुष्कळ पाहिलंय, पण याच्या दाराशी त्यानं पट्ट्याची सुतासारखी दोरीसुद्धा लोंबती ठेवली होती. आत्यानं ते डोळ्याजवळ नेलं, लांब धरलं, बोटानं शेपटी चाचपली. भाऊ तिच्या तोंडाकडे पाहत होता. परीक्षेच्या निकालालाही तो असा उभा राहिला नसेल.

"लय सुंदर केलं रे," ती म्हणाली. मग थोडं थांबून, "पन हे माह्यं नोहे वाटत."

"काऊन?"

"काय मालूम. उलटं वाटून राह्यलं कायतरी."

भाऊनं हसून ते तिच्या हातात फिरवून दिलं. "तू उलटं धरलं, आत्या. असं पाह्य." तिनं तसं पाहिलं. मग त्यानं पुस्तकातली चित्रं आणली, समजावून सांगितलं, त्या काळात अशा कामाला कोणतं यंत्र येत असे तेही सांगितलं. त्याचा आवाज शिकवतानाचा झाला होता. मी आत्याचा चेहरा पाहिला. ती मुकाट्यानं ऐकत होती, मंडल कचेरीत म्हातारी माणसं ऐकतात तशी, मान हलवत.

"असन बाप्पा," ती शेवटी म्हणाली. "मीच भुलली असन. किती वर्सं झाले."

दुसरा डोळा झाला, संक्रांत झाली, ती गावी गेली. हेलिकॉप्टर नेलं नाही. "माह्या घरी उंदरं हायेत, तुह्यापाशीच राहू दे," म्हणाली. त्यानंतरच्या उन्हाळ्यात एका लग्नात कुणीतरी तिला ती गोष्ट सांगायला लावली. पोरं गोळा झाली. आत्या म्हणाली, "वसंताले विचारा. कोनतं होतं थे त्याले मालूम हाय." मला वाटलं, दमली असेल. मग आणखी एकदा तसंच झालं. मग विचारणारेही थांबले. तिनं ती गोष्ट पुन्हा सांगितली नाही. पुढच्या पावसाळ्यात ती गेली.

माणसाजवळ असतं काय? आत्याजवळ घर होतं ते पाण्यानं नेलं, बैल होता तो नेला. ती एक गोष्ट तेवढी पाण्यानं आणून दिली होती.

आता या वर्षीचं. मागच्या रविवारी मी फळीवरची धूळ झटकत होते. खिडकीबाहेर ट्रॉल्यांची रांग लागली होती. आत्याचं हेलिकॉप्टर हातात घेतलं आणि सहज विचारलं, "भाऊ, हे सतरा हाय म्हनून तिनं कसं वळखलं? तिले तं मोटार अन् जीपमधला फरक येत नव्हता."

भाऊ वर्तमानपत्र वाचत होता. "मी विचारलं, आत्या, ते आलं तेव्हा तोंड तुह्याकडं होतं का पाठ? ती म्हने, पाठ. गाडीवर बसल्यावानी दिसून राह्यलं होतं, म्हने. मंग मी विचारलं, शेपटीचा पंखा कोन्या बाजूले? तं म्हने, मोऱ्याच्या अंगानं." तो हसला. "उजवं-डावं तिच्या तोंडात येतच नव्हतं. मोऱ्याच्या अंगानं, हरण्याच्या अंगानं. म्हंजे डावीकडं. म्हंजे सतरा."

माझ्या हातातलं फडकं थांबलं. "मोऱ्या उजवा होता, भाऊ."

"डावा. मले चांगलं ठाऊक हाय. पोळ्याले पूजेच्या वक्ती दारात उभे राहत नं, मोऱ्या या हाताले..." असं म्हणत त्यानं डावा हात उचलला, आणि तो हात तसाच राहिला.

बैलांना एकदा बाजू लागली की ती जन्माची. उजव्या अंगाचा बैल डाव्याला जुंपला तर चालत नाही. आणि दावणीला काय, दारात काय, आपापल्या बाजूनंच उभा राहतो. पोळ्याला ते दारात येतात तेव्हा त्यांचं तोंड आपल्याकडे असतं. भाऊनं बैल असेच पाहिले, समोरून, हळदीकुंकू लावताना. त्याचा डावा हात तो बैलांचा उजवा. आत्यानं जन्मभर बैल पाठीमागून पाहिले, धुरेवर बसून. आणि मी तिच्याजवळ बसायची, उजव्या कडेला, कारण मोऱ्याच्या शेपटीचा गोंडा पायाला लागला की मला गुदगुल्या व्हायच्या. हे मी झोपेतही सांगितलं असतं. कुणी विचारलं असतं तर. मी एक दिवस रजेवर असते तर, चहा टाकण्याआधी "कशावरून" एवढं विचारलं असतं तर.

आमच्या कचेरीत शेताच्या चतुःसीमा लिहिताना डावं-उजवं चालत नाही. पूर्वेस अमुकाचं शेत, पश्चिमेस नाला. कारण डावं-उजवं उभ्या माणसाबरोबर फिरतं आणि मग दोन घराणी कोर्टात जातात. नव्या पोरांना मी हे पहिल्याच दिवशी सांगते. घरी मात्र आम्ही तीन माणसं एकाच बैलाकडे दोन बाजूंनी पाहत राहिलो आणि भांडलोही नाही. भांडलो असतो तर निदान निकाल लागला असता.

"उलटं वाटून राह्यलं, म्हने ती," भाऊ हळूच म्हणाला. "अन् मी तिच्या हातात फिरवून देल्लं."

चिडायची मला सवय आहे, घरात सगळ्यांना माहीत आहे. पण त्याच्या तोंडाकडे पाहून चिडता येईना. त्यानं कुणाचं वाईट केलं नव्हतं. माया करता करता त्यानं तिचं खरं होतं ते खोटं पाडलं, आणि मी शेजारी उभी राहून पाहिलं.

पंखा काढून दुसऱ्या अंगाला लावता येईल का, मी विचारलं. नाही, म्हणाला. हा गोंद चिकटवत नाही, प्लास्टिक विरघळवून दोन्ही भाग एकजीव करतो. ओढलं तर शेपूटच मोडेल. मग तो उठला, कपाटाच्या वरच्या खणातून एक खोका काढला. आठाचा संच होता, कधीचा घेऊन ठेवलेला, न उघडलेला.

गेले काही दिवस तो त्यावर बसला आहे. खोलीत नव्हे. ओट्यावर, उन्हात, आत्या बसायची तिथं चटई टाकून. वहिनी दोनदा म्हणाली, "अवो, कापूस उडून राह्यला, तुमचा नेम काय झाला?" तो म्हणाला, "उडू दे." आज सकाळी त्यानं हिरवा रंग दिला. मी शेजारी भाजी निवडत होते. फाटकाबाहेरून ट्रॉली गेली आणि एक तंतू तरंगत आला, हवेत दोनदा वळला आणि दाराच्या बरोबर खाली, जिथून बाया वर गेल्या होत्या तिथं, ओल्या रंगावर बसला. भाऊनं सवयीनं चिमटा उचलला. तंतूजवळ नेला. आणि बाजूला ठेवला.

"राहू दे," म्हणाला.

मग बराच वेळ त्यानं ते हेलिकॉप्टर तसंच उन्हात धरून ठेवलं, पाठ आपल्याकडे करून. पंखा उजवीकडे होता, मोऱ्याच्या अंगानं. आता चूक काढायला जागा नव्हती.

"शैले," तो म्हणाला, "तिले वरून काय दिसलं होतं वं?"

"सारं पाणीच पाणी," मी म्हटलं.

"थे तं आपन म्हनायचो," भाऊ म्हणाला. "ती काय म्हनायची?"

मी भाजी खाली ठेवली. कपाळावर धरलेला तिचा हात मला दिसला, खाली वाकलेली मान दिसली, तोंड उघडलेलं दिसलं. पुढचा शब्द कधी ऐकलाच नव्हता.